दुसऱ्या पिंपातलं निकेल

पाण्यातलं निकेल नेमकं येतंय कुठून, या एका प्रश्नाने त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्याचा पार भुगा केला. मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. कारखान्याचं बाकी सगळं मी बघते. गिऱ्हाइकं, कामगार, वीज, माल उचलणारा टेम्पो, सगळं. टाक्या मात्र मामाच्या.

कारखाना म्हणजे काही फार मोठा नाही. पत्र्याची शेड, आत रांगेने टाक्या, एका कोपऱ्यात माल घासायची मशीन आणि पुढे काचेचं दार लावलेली माझी खोली. नळ, दारांच्या मुठी, टॉवेलच्या दांड्या आमच्याकडे काळ्याबेंद्र्या येतात आणि तोंड बघावं अशा होऊन जातात. आधी निकेलचा मुलामा, त्यावर क्रोमचा. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते आणि धाकटा भाऊ रांगत होता. आईचा भाऊ म्हणून मामा चार दिवसांसाठी आला, तो कायमचाच राहिला. लग्न केलं नाही, का केलं नाही हे कोणी विचारलंही नाही. कारखाना त्याने चालवला, आम्हा दोघांना त्याने वाढवलं, आणि आई गेल्यावर तर घरात मोठं माणूस म्हणजे तोच.

आता मुलाम्याच्या कामात असं असतं, की प्रत्येक टाकीतून काढलेला माल पाण्यात बुचकळावा लागतो. ते पिवळंहिरवं धुवण मागच्या दाराने नाल्यात जायचं. वर्षानुवर्षं गेलं, कोणी ब्र काढला नाही. मग एक दिवस पाणी तपासणाऱ्या कार्यालयातून एक गृहस्थ आले, बाटल्या भरल्या, बुचं लावली आणि निघून गेले. पाठोपाठ नोटीस. पाण्यात निकेल आणि क्रोम हद्दीबाहेर आहे, साफ करा, तीनदा नमुना घेऊ, तिसऱ्यांदाही नापास झालात तर दाराला सील.

मी नोटीस मामाला वाचून दाखवली. तो हातमोजे काढत होता.

“सील म्हणजे?”

“म्हणजे कारखाना बंद, मामा.”

“मग मी सकाळी उठून जायचं कुठे?” त्याने विचारलं. चेष्टा नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचत नव्हतं. त्या माणसाला कारखान्याशिवाय दुसरं काहीच नाही हो. रविवारी सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो टाक्यांची झाकणं उघडून बघून येतो.

पाणी साफ करायची तयार यंत्रं मिळतात. मी चौकशी केली आणि फोन ठेवून दिला. तेवढ्या पैशांत दुसरा कारखाना घेता आला असता.

मग बारक्या म्हणाला, मी करतो. बारक्या म्हणजे तो धाकटा भाऊ. आता दारातून वाकून आत यावं लागतं त्याला, पण नाव पडलं ते पडलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि तिथे दिवसभर लोकांनी फेकलेल्या वस्तू गोळा करत बसतो. लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं, फळांच्या साली. त्याचं म्हणणं असं, की असल्या वस्तूंना पाण्यातला धातू चिकटून बसतो.

“चिकटतो म्हणजे? गोंद लावतोस?”

“गोंद नाही गं, ताई. भुशाला बारीक बारीक जागा असतात, तिथे धातू जाऊन बसतो. जागा भरल्या की भुसा बदलायचा.”

“आणि जुना भुसा?”

“तो पोत्यात भरून कुलपात. चुलीत नाही, कुंडीत नाही, कुठे म्हणजे कुठे नाही. आता विष त्यात आहे.”

“म्हणजे विष गेलं नाहीच. नुसतं घर बदललं.”

“बरोबर.”

“मग हा आटापिटा कशाला?”

“अख्खा नाला विषारी होण्यापेक्षा कुलपातलं एक पोतं बरं नाही का?”

 हे सगळं मामाच्या समोर चाललं होतं, पण बारक्या मामाशी बोलत नव्हता आणि मामा बारक्याशी. ही आमच्या घरातली जुनी तऱ्हा. बारक्याने टाक्या सोडून कॉलेजला जायचं ठरवलं तेव्हा मामा म्हणाला, “उद्यापासून माझ्या टाक्यांना हात लावायचा नाही.” बारक्या म्हणाला, “नाही लावत.” झालं! तेव्हापासून दोघांमध्ये मी म्हणजे टेलिफोनची तार. एकाच टेबलावर जेवतात, हाताला हात लागेल एवढ्या अंतरावर, आणि मामा मला म्हणतो, “त्याला म्हणावं, मीठ दे.” बारक्या मीठ माझ्यापुढे ठेवतो, मी ते मामापुढे सरकवते. बाहेरचं कोणी जेवायला असलं की मला मान वर करायची लाज वाटते.

त्या दिवशीही मामा मलाच म्हणाला, “त्याला म्हणावं, कचऱ्याने कचरा धुतात होय?” आणि थोड्या वेळाने, “मागची जागा घे म्हणावं. माझ्या टाक्यांच्या वाटेत नको.”

बारक्याने मागच्या अंगणात विटांच्या पायऱ्या रचल्या आणि त्यांवर तीन निळी प्लॅस्टिकची पिंपं बसवली, एक वर, एक त्याखाली, एक त्याहून खाली. पहिल्यात शेंगांच्या टरफलांचा कोळसा, तो निकेल धरणार. दुसऱ्यात लाकडाचा भुसा, तो क्रोम धरणार. तिसऱ्यात चुना, तिथे पाणी निवळणार. यात एक भानगड होती. भुशाने क्रोम धरावा म्हणून दुसऱ्या पिंपात ॲसिड सोडावं लागतं. त्याची बाटली बारक्याने पिंपाच्या मागे विटांच्या आड बसवली आणि तिला बारीक नळी लावली.

“ताई, हे मामाला सांगू नकोस हं. घाण पाणी साफ करायला वरून ॲसिड घालतो म्हटलं तर जन्मभर टिंगल करेल.”

मी म्हटलं, नाही सांगत. यांचं त्यांच्यापासून आणि त्यांचं यांच्यापासून काय काय लपवायचं, याची मला सवयच होती.

भुसा वाहून जाऊ नये म्हणून दुसऱ्या पिंपाच्या तळाशी एक जाळी हवी होती, ताटाएवढी, भोकाभोकांची. बारक्याने वेल्डरला बजावलं, अस्सल स्टेनलेस स्टीलची कर, ॲसिडला टिकली पाहिजे. वेल्डर ती कधी टाकून गेला मला माहीत नाही. मी गिऱ्हाइकांच्या मागे, बारक्या कॉलेजात परीक्षा घेण्यात अडकलेला. तो आला तेव्हा जाळी पिंपाला टेकून उभी होती, चकचकीत. त्याने टिचकी मारून बघितली, खूश झाला आणि बसवून टाकली.

पहिल्यांदा पाणी सोडलं तो दिवस मी विसरणार नाही. वरून पिवळंजर्द पाणी गेलं आणि खालून नितळ, पिण्याच्या पाण्यासारखं आलं. मी तोंडात बोटच घातलं. घासायच्या मशीनवरचा कामगार हात पुसत बघायला आला आणि म्हणाला, “आयला, जादू!” मामा आला नाही. पण तो खिडकीतून बघत होता. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं, आणि लगेच त्याला टाकीत काहीतरी काम निघालं.

मग कार्यालयातले ते गृहस्थ आले. आम्ही त्यांना बाटलीवाले म्हणायचो. त्यांनी पहिला नमुना नेला. निकाल आला. क्रोम पास, निकेल नापास.

“कोळसा कमी पडला,” बारक्या म्हणाला. त्याने कोळसा दुप्पट केला. दुसरा नमुना गेला. क्रोम पास. निकेल नापास, आणि आधीपेक्षा जास्त!

आता बोला! दुप्पट कोळसा घातला तर निकेल वाढलं. मी बारक्याला म्हटलं, “तुझा कोळसा निकेल धरतोय की वाटतोय?”  त्याचा चेहरा इतका उतरला होता की मला माझ्याच जिभेचा राग आला.

त्याच्याकडे एक औषध होतं. पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात अमोनियाचे थेंब, मग या औषधाचा थेंब, आणि निकेल असेल तर पाणी गुलाबी होतं. आता तो प्रत्येक पिंपाखाली पेला धरून बसायला लागला. एका संध्याकाळी मला ओढतच मागे घेऊन गेला.

“हे बघ, पहिल्या पिंपातून येणारं पाणी.” थेंब टाकला. गुलाबी नाही.

“म्हणजे कोळसा काम करतोय,” मी म्हटलं.

“हे दुसऱ्यातून येणारं.” थेंब टाकला. गुलाबी. चांगलं गडद गुलाबी.

“अरे, पण त्यात तर निकेल नसलेलं पाणी गेलं ना?”

“तेच तर!”

“म्हणजे भुशात आहे.”

“भुशात निकेल कुठून येईल, ताई? झाडं काय निकेल खातात?”

तरी तो सुताराकडे जाऊन नवा भुसा घेऊन आला. घरी स्वयंपाकघरात काचेच्या बरणीत तोच भुसा, तेच पाणी, तेच ॲसिड घालून ठेवलं. थेंब टाकला, गुलाबी नाही. तोच भुसा पिंपात भरला, गुलाबी! बरणीत नाही आणि पिंपात आहे. मी कपाळाला हात लावला. त्याने ॲसिडची बाटली बदलली, नळी बदलली, पिंप आतून घासून काढलं. गुलाबी ते गुलाबीच.

मी पार भंजाळून गेले. मला वाटायला लागलं, घासायच्या मशीनची धूळ उडून येतेय. पिंपांवर चादरी बांधल्या. मग वाटलं, कोणी कामगार मागे येऊन बादली ओततोय. मागच्या दाराला कडी घातली, आणि मी आपल्याकडे संशयाने बघतेय म्हणून जो तो माझ्याशी तिरसटून बोलायला लागला. एकाने काम सोडायची भाषा केली. बारक्याची दाढी वाढली. जेवताना तो घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायचा. मामा मला विचारायचा, “त्याला काय झालंय?” मी म्हणायचे, “पाणी नापास होतंय, मामा.” तो म्हणायचा, “अजून? का बरं?” आणि तोही घास धरून बसायचा. मग मीच ओरडायचे, “जेवा रे आधी!”

मामाच्या त्या ‘का बरं’मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

बाटलीवाल्यांचा फोन आला, उद्या सकाळी येतोय. शेवटचा नमुना. जीव नुसता टांगणीला लागला. त्या संध्याकाळी बारक्याने दुसरं पिंप रिकामं केलं. भुसा काढला, घाण पाणी काढलं, आणि पिंपात नुसतं नळाचं पाणी आणि ॲसिड भरून ठेवलं. बाकी काही नाही. मी म्हटलं, “हे काय नवीन?” तो म्हणाला, “आता माझ्याकडे एवढंच उरलंय करण्यासारखं.”

सकाळी कारखाना उघडल्या उघडल्या आम्ही मागे गेलो. त्याने पेला भरला, थेंब टाकला. गुलाबी.

नळाचं पाणी. त्यात निकेल! मला क्षणभर वाटलं, हा मुलगा आणि मी दोघंही वेडे झालोय. बारक्या मात्र एकदम शांत झाला. त्याने पिंप आडवं केलं, सगळं पाणी सोडून दिलं, आत हात घालून ती जाळी बाहेर काढली आणि उन्हात धरली. मधोमध ती अजून चकाकत होती. पण भोकांच्या कडा मळकट पडल्या होत्या, आणि दोन-चार ठिकाणी तपकिरी डाग वर आले होते.

“ताई, हे स्टील नाही. लोखंड आहे. वर निकेलचा मुलामा आहे.”

“म्हणजे? वेल्डरने फसवलं? मेल्याला आत्ता बोलावते.”

“वेल्डरकडे निकेलची टाकी आहे?”

 त्याने जाळी उलटी करून मला दाखवली. मागची बाजू, जी कोणाला दिसणारही नव्हती, तीसुद्धा पुढच्यासारखीच. कुठे ओघळ नाही, कुठे काळपटपणा नाही, एकेका भोकाच्या आतपर्यंत सारखा मुलामा. असं काम आमच्या शेडमध्ये एकच माणूस करतो.

“ॲसिडमध्ये निकेल सुटतं हे मामापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे?” बारक्या म्हणाला. “बिघडलेला माल रोज ॲसिडमध्ये टाकून मुलामा उतरवतो तो. मुद्दाम केलंय, ताई.”

“वेडा आहेस का? स्वतःचा कारखाना बंद पाडेल?”

“मी हरावं म्हणून.”

“अरे, पण पिंपात ॲसिड आहे हे त्याला कुठे माहीत होतं? मी तर चकार शब्द...”

“त्याला नाक नाही? सगळा जन्म ॲसिडच्या वासात गेलाय. दारातूनच कळलं असेल.”

खरं तर मी त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यायला हवी होती. ज्या माणसाने तुझी शाळेची फी भरली, तापात तुझ्या उशाशी बसला, त्याच्याबद्दल हे बोलतोस? पण मला कचऱ्याने कचरा धुण्याचं ते बोलणं आठवलं. खिडकीतून बघणं आठवलं. ‘अजून? का बरं?’ आठवलं, आणि ते आता वेगळंच ऐकू यायला लागलं. मला पटत नव्हतं, आणि पटतही होतं.  मामा असं करेल? मामा असं का करेल? मग ही जाळी कोणी केली? आणि करून सांगितलं का नाही? 

तेवढ्यात पुढून हाक आली. बाटलीवाले आले होते, खोकं घेऊन. मी पदर सावरत धावले, त्यांना माझ्या खोलीत बसवलं, चहा मागवला. काचेच्या दारातून बघते तो बारक्या हातात जाळी घेऊन सरळ शेडमध्ये शिरलेला. मी चहा तिथेच सोडून त्याच्या मागे पळाले.

मामा निकेलच्या टाकीवर वाकला होता. बारक्या त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

“मामा, हे तू केलंस?”

सगळी शेड थांबली. घासायची मशीन बंद झाली. इतक्या वर्षांत बारक्या मामाशी पहिल्यांदा बोलला होता, आणि ते कामगारांनाही माहीत होतं.

मामाने वर बघितलं. आधी बारक्याकडे, मग जाळीकडे. आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने घाईघाईने हातमोजे काढले.

“ओळखलंस होय?” तो म्हणाला. “मला वाटलंच होतं, तू काम बघून ओळखशील. बरी झालीय ना?”

बारक्याने जाळी तशीच पुढे धरली.

“अरे, त्या वेल्डरने फसवलं तुला. स्टील म्हणून लोखंड दिलं. मी लोहचुंबक लावून बघितलं, फाटकन चिकटलं! अस्सल स्टेनलेसला चिकटतं होय? गंजून तुझी सगळी भोकं बुजली असती. म्हटलं, त्याच्याशी भांडण्यात वेळ कशाला घालवायचा, आपणच करू. दोनदा निकेल दिलंय. एकेक भोक आतून हाताने घासलं, बोटं सुजली माझी.” त्याने बोटं पुढे करून दाखवली आणि स्वतःच हसला. “तुला सांगणार होतो. पण म्हटलं, तू नको म्हणशील. टाक्यांना हात लावायचा नाही असं मीच म्हटलं होतं ना, मग माझ्या टाकीतलं तू कशाला घेशील?”

माझे डोळे भरून आले. आता हा मुलगा काय बोलणार, याचीच मला भीती वाटली.

“साहेब खोळंबलेत का?” मामा म्हणाला. “मग जा ना, बसव परत. वेळ नको घालवूस.”

बारक्या हलला नाही. जाळी परत बसवली तर नमुना नापास, कारखान्याला सील. नाही बसवली तर का नाही हे सांगावं लागणार. पुढच्या खोलीतून बाटलीवाल्यांनी खाकरून आठवण करून दिली.

“मामा,” बारक्या अगदी हळू म्हणाला, “दुसऱ्या पिंपात ॲसिड आहे.”

एवढंच. मामाला पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्याने जाळी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि अंगठा भोकांच्या कडांवरून फिरवला. त्या तपकिरी डागांवर अंगठा थांबला.

“किती आहे ॲसिड?”

“लिंबाच्या रसाएवढं.”

“तेवढं पुरतं.” त्याने जाळी खाली धरली. “म्हणजे तू वर काढत होतास आणि मी खाली घालत होतो.”

“तुला वास नाही आला?”

“मला कुठला वास येतोय आता? नाक कधीच गेलंय माझं. जेवणाचाही येत नाही.”

हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. एका घरात राहतो हो आम्ही! रोज एका टेबलावर जेवतो!

पण रडत बसायला वेळ नव्हता. मामानेच जाळी बाजूला ठेवली आणि म्हणाला, “प्लॅस्टिकची बादली आण. जाड बुडाची.” बारक्या बादली घेऊन आला. मामाने करवतीने बूड कापलं, खिळा तापवला आणि भराभर भोकं पाडायला लागला. बारक्याने बूड धरून ठेवलं. “फिरव.” “अजून एक ओळ?” “हो, पण कडेला नको, तडकेल.” जळक्या प्लॅस्टिकच्या धुराने दोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी तिकडे बाटलीवाल्यांना दुसरा चहा पाजत, त्यांच्या मुलीच्या शाळेपासून त्यांच्या गुडघ्यापर्यंत सगळी विचारपूस करत होते. ते म्हणाले, “बाई, मला अजून तीन कारखाने करायचेत.” मी म्हटलं, “बिस्कीट घ्या ना.”

बूड पिंपात बसलं, भुसा भरला, पाणी सोडलं. आधीचं वाहून जाऊ दिलं. बारक्याने पेला धरला आणि थेंब टाकला. मीही मागे धावले, आणि आम्ही तिघं पेल्यावर वाकलो. पाणी पाण्यासारखंच राहिलं. त्याने आणखी एक थेंब टाकला. तसंच. मी मागच्या अंगणातूनच ओरडले, “या साहेब, घ्या तुमचा नमुना!”

निकाल यायला वेळ लागला. फोन आला तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. क्रोम पास, निकेल पास. नोटीस मागे. मी शेडमध्ये जाऊन इतक्या मोठ्याने सांगितलं की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. बारक्याने मला उचललंच. कामगारांनी डबे वाजवले. जिवात जीव आला म्हणतात तो काय, ते मला त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळाने मामा माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं. बसला नाही.

“एक विचारायचं होतं.”

“विचार की. आज काय पाहिजे ते माग.”

“त्या दिवशी तो आला ना, ‘मामा, हे तू केलंस?’ म्हणाला. मी इतका हरखून गेलो, की तो कशा आवाजात म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही. आता रोज आठवतोय तो आवाज.” त्याने टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. “तो कौतुक करायला आला नव्हता.”

“मामा, जाऊ दे ना. पास झालो आपण.”

“त्याला वाटलं, मी मुद्दाम केलं.”

मी समोरची बिलं नीट लावायला लागले.

“पोर आहे तो. आणि आमचं बोलणंही नव्हतं. त्याचं एकवेळ ठीक आहे.” मग त्याने माझ्याकडे बघितलं. “तुलाही वाटलं?”

मी दिवसभर गिऱ्हाइकांशी खोटं बोलते. माल निघालाय, टेम्पो वाटेत आहे, डोळ्याची पापणीही लवत नाही माझी. त्या क्षणी मला एक साधं ‘छे’ म्हणता आलं नाही.

“थोडा वेळ,” मी म्हणाले.

मामाने मान हलवली. जणू मी त्याला मालाची तारीख सांगितली होती.

“थोडा वेळ,” तो म्हणाला. “बरं. टाकी तापली असेल.”

आणि हातमोजे चढवत तो बाहेर गेला.